मोंढ्यातल्या पाट्यांचा फॉन्ट

आधीच सांगून टाकतो, हा फॉन्ट पुस्तक छापायला नाही, अर्ज लिहायला नाही, व्हॉट्सॲपवर लांबलचक निवेदन टाकायला तर अजिबातच नाही. दोन-तीन शब्द, तेही मोठ्ठे, रस्त्याच्या पलीकडून वाचता येतील असे, एवढ्यासाठीच केलाय. परभणीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आडत दुकानांवर ज्या जुन्या हातानं रंगवलेल्या पाट्या अजून टिकून आहेत, त्यातल्या बऱ्याचशा एकाच पेंटरच्या हातच्या आहेत, सगळे त्यांना पेंटर चाचा म्हणतेत. त्यांच्या अक्षराचा फॉन्ट करायचं डोक्यात घेतलं आणि मग काय काय करावं लागलं ते लिहायलो, कारण बरेच जण विचारतेत की फोटो काढायचा, कॉम्प्युटरमधी टाकायचा, झालं की, त्यात काय एवढं.

मी मूळचा लग्नपत्रिका अन् बिलबुकं करणारा माणूस, म्हणजे फॉन्ट वापरून पोट भरणारा. करणं वेगळंच असतंय.

पहिले त्या अक्षरांबद्दल सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. चाचांचं अक्षर लांबून बघितलं तर नुसतं जाड आणि गुबगुबीत वाटतं, पण जवळ जाऊन बघा, प्रत्येक अक्षराचं पोट खाली जड आहे, काना वरून बारीक निघतो आणि खाली येता येता फुगतो, 'ण'चे दोन पाय वेगवेगळ्या उंचीवर थांबतेत, आणि 'ळ' तर असा की दोन चक्र्या एकमेकीला धक्का देऊन उभ्या आहेत. आणि सगळ्यात गंमत म्हणजे शिरोरेषा. ती उजवीकडं जाताना हळूच वर चढते. मला आधी वाटलं शिडी वाकडी असंल. पण पाटी मोंढ्यातली असो की स्टेशन रोडची, चढ तेवढाच! मग विचारलं. चाचा म्हणले, "बेटा, मेरे उस्ताद उर्दू लिखते थे. मराठी बी तेच लिहायचे. हात तसाच बसला, आता कायकू बदलतो."

इथं मला एकदम उलगडलं. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात, कारभार उर्दूत, त्यामुळं बोर्ड लिहिणाऱ्याला दोन्ही लिप्या यायलाच पाहिजेत. आता उर्दूच्या नस्तालिक लिपीत शब्द उजवीकडून सुरू होऊन डावीकडं उतरत येतो. तोच उतार मनगटात बसलेला माणूस जेव्हा डावीकडून उजवीकडं देवनागरी लिहील तेव्हा त्याची ओळ वर चढणारच की. निदान मला तरी हे पटलं. पुण्या-मुंबईच्या पाट्यांपेक्षा आपल्याकडच्या जुन्या पाट्या वेगळ्या का दिसतेत याचं निम्मं उत्तर यात असावं असं माझं मत आहे, पटत नसंल तर सोडून द्या.

बाकी पाटीवरून फॉन्ट करणारा मी काही पहिला नाही. 'यात्रा वन' नावाचा फॉन्ट मुंबई लोकलच्या स्टेशनांवरच्या रंगवलेल्या अक्षरांवरून केलाय, फुकट मिळतो, बघा. दिल्लीकडं हनिफ कुरेशींनी रस्त्यावरच्या पेंटरांची अक्षरं डिजिटल करायचं मोठं काम केलं. आणि गमतीशीर मराठी फॉन्ट म्हणलं तर 'एक टाईप' नावाच्या फॉन्ट करणाऱ्या मंडळींचा 'मोदक', इतका गुबगुबीत की अक्षरांच्या आतली जागा नुसत्या फटीएवढी उरलीय, तरी वाचता येतो. तो बघूनच मला धीर आला की वेडंवाकडं अक्षर चालतं, फक्त वेडेपणा सगळीकडं एकाच जातीचा पाहिजे.

हेच या सगळ्या कामातलं मुख्य आहे असं मला वाटतं. बाजारात 'हॅन्डमेड' म्हणून जे फॉन्ट मिळतेत त्यातले लई म्हणजे लईच साध्या फॉन्टच्या कडा कुरतडून केलेले असतेत, अक्षर मुळात मशीनचंच, वरून थरथर चोपडलेली. चाचांचा हात थरथरत नाही. या वयातबी नाही. त्यांची कड एकदम स्वच्छ असते, वेगळेपणा असतोय तो कुठं जाड करायचं, कुठं थांबायचं, कुठली गाठ मोठी ठेवायची यात.

म्हणून ऑटो ट्रेस, म्हणजे फोटोवरून कॉम्प्युटरनंच अक्षराची कड काढून देणं, पहिल्याच फटक्यात बाद केलं. पाटीचे फोटो समोरून काढले, तिरपे आलेले सरळ करून घेतले, मग इंकस्केप या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमधी फोटो खाली फिका ठेवून वरून अक्षर नव्यानं काढलं, कडेला वळण देणारे पॉइंट कमीत कमी वापरून. ऑटो ट्रेस केलं की रंगाचा पोपडा, गंज, पावसाचा ओघळ, सगळंच अक्षराचा भाग होऊन बसतं आणि एकेका अक्षराला शेकड्यानं पॉइंट पडतेत. ते स्क्रीनवर भारी दिसतं, पण रेडियम कटिंगवाल्याच्या मशीनवर टाका, ब्लेड जागोजाग अडकून स्टिकरच्या चिंध्या. आपल्याकडं अर्धे बोर्ड आता कटिंगचेच असतेत, ते विसरून कसं चालंल.

पाट्यांवरून सगळी अक्षरं मात्र मिळत नाहीत. 'आडत व्यापारी व कमिशन एजंट' हे इतक्या ठिकाणी लिहिलेलं की 'त' आणि 'म' ढिगानं मिळाले, 'ढ', 'झ', 'ङ' कुठून आणायचे? मग चाचांना कार्डशीट आणि पोस्टर कलर देऊन बसवलं. त्यांना बारक्या कागदावर लिहायला सांगितलं तर अक्षर बदलायला लागलं, एकदम शाळेतल्या फळ्यावरच्या सुविचारासारखं गोंडस. म्हणून भिंतीला मोठी शीट चिकटवली, उभं राहून, खांद्यातून हात फिरंल असं. तेव्हा खरं वळण आलं. आणखी एक, त्यांना सुटं अक्षर मागितलं की ते नाराज व्हायचे. "नुसता ढ काय लिहू? ढोबळे लिहितो, ढवळे लिहितो, नाव सांग." पेंटर शब्द लिहितो, अक्षर नाही. फॉन्टवाल्याला नेमकं उलटं करावं लागतंय, शब्द फोडून अक्षर सुटं काढायचं आणि ते कुठल्याबी अक्षराच्या शेजारी बसंल असं करायचं.

आणि इथंच शिरोरेषेनं दम काढला.

देवनागरी फॉन्टमधी प्रत्येक अक्षर आपापला शिरोरेषेचा तुकडा घेऊन येतं. हे तुकडे एकमेकांवर थोडेसे चढतील असे ठेवावे लागतेत, नाहीतर प्रिंटमधी मधी केसाएवढी फट दिसते. म्हणजे प्रत्येक तुकडा डावीकडं ज्या उंचीवर सुरू होतो त्याच उंचीवर उजवीकडं संपायला पाहिजे, जाडीबी तीच. आता चाचांची रेष चढणारी! प्रत्येक अक्षरात थोडा चढ दिला तर पुढचं अक्षर परत खालून सुरू होणार, म्हणजे शब्दाच्या डोक्यावर करवतीचे दात. तसं करूनबी बघितलं, दोन अक्षरी शब्दाला मजा येते, 'गंगाखेड' लिहिलं की डोळ्याला टोचतं. शेवटी ठरवलं की फॉन्टमधी शिरोरेषा सपाट, पण खालचं अंग किंचित कललेलं ठेवायचं, आणि रेषेच्या मधल्या भागात हलका फुगवटा, दोन्ही टोकं सारखी. चढ पाहिजे असंल त्यानं डिझाईन करताना पूर्ण ओळच दोन-तीन अंशानं फिरवावी, तेच चाचांच्या जवळ जातं. शब्दाच्या पहिल्या अक्षराला डावीकडं ब्रश टेकवल्याची गोल सुरुवात आणि शेवटच्याला उजवीकडं निमुळतं टोक, हे मात्र फॉन्ट आपोआप करतो. त्याची सोय असते, आजूबाजूला काय आहे ते बघून अक्षराचं रूप बदलायची, कॉन्टेक्स्च्युअल अल्टरनेट म्हणतेत त्याला.

तीच सोय दुसऱ्या एका कामाला लई लागली. मराठीत नाती बघा, काका, मामा, दादा, नाना, बाबा. हातानं 'काका' लिहिलं तर दोन 'क' कधीच डिट्टो सारखे येत नाहीत, आणि फॉन्टमधी आले की लगेच चोरी पकडली जाते. म्हणून नेहमी लागणाऱ्या अक्षरांची दोन-तीन रूपं केली आणि सांगून ठेवलं की मधी काना किंवा मात्रा आली तरी ती ओलांडून मागं बघ, तोच 'क' आधी येऊन गेला असंल तर दुसरा काढ. कान्याला तर तीन रूपं करावीच लागली, कारण काना इतक्या वेळा येतो की त्याचा फुगवटा एकाच जागी दिसला की सगळी हातकला गेली, कारखान्यातनं आल्यासारखं दिसतं. माझं म्हणणं, गमतीच्या फॉन्टमधी सगळ्यात जास्त वेळ गमतीच्या अक्षरांवर घालवू नका, कान्यावर घालवा.

जोडाक्षरं काढायला बसलो तेव्हा चाचा म्हणले, "नक्को रे बेटा, इत्ती अक्षरं किसने बनाई?" देवनागरीच्या ठीकठाक फॉन्टला पाचशे-सातशे आकृत्या सहज लागतेत, इंग्रजीच्या मोठ्या-छोट्या मिळून बावन्न अक्षरांत जे काम उरकतं ते इथं उरकत नाही. नियमानं कान्याच्या अक्षराचं अर्धं रूप म्हणजे दांडा काढून टाकायचा, पण चाचांचं अर्धं अक्षर तसं नाही, ते त्याला दाबून शेजारच्याच्या बगलेत बसवतेत. त्यामुळं अर्धी अक्षरं वेगळीच काढली. कसोटीला शब्द कुठले घ्यायचे? पुस्तकातले नाही घेतले, बोर्डावरचेच घेतले. 'इलेक्ट्रिकल्स' हा सगळ्यात हरामखोर. क, ट, र एकत्र आणि त्या सगळ्या घोळक्याच्या आधी ऱ्हस्व वेलांटी येऊन उभी राहिली पाहिजे, तिची वरची कमानबी तेवढी लांब पाहिजे. रुंदीप्रमाणं वेलांटीची वेगवेगळी मापं करावी लागतेत हे मला तेव्हा कळालं. 'ट्रॅक्टर', 'फर्टिलायझर्स', 'ब्रदर्स', 'कृषी सेवा केंद्र', आणि वकिलांचं 'ॲड.' तो 'ॲ' जुन्या फॉन्टमधी नसतोच, मग लोक 'अ' वर काहीतरी चिकटवतेत. 'शेतकऱ्यांसाठी' मधला तो पापणीसारखा र मराठीला लागतोच लागतो, हिंदीवाल्यांना त्याचं काही देणंघेणं नाही, म्हणून बाहेरून आणलेल्या फॉन्टमधी आधी तेच तपासायचं. तालुक्यांची नावं तर सगळीच लिहून बघितली, सेलू, जिंतूर, पूर्णा, पाथरी, मानवत, सोनपेठ, पालम. 'पूर्णा'त रफार आणि खाली दीर्घ ऊकार, म्हणजे वरखाली दोन्हीकडची जागा एकदम तपासून होते.

'ल' आणि 'श'वरून घरातच भांडण. महाराष्ट्र शासनानं २००९ मधी निर्णय काढून मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवून दिलाय, मला तेच पाहिजे होतं. चाचा 'ल' मराठी लिहितेत, पण 'श' कधी असा कधी तसा, जागा बघून. मूळ फॉन्टमधी मराठी रूप ठेवलं आणि दुसरा 'श' पर्यायी म्हणून आत ठेवला. पर्यायी संचात अरुंद अक्षरंबी टाकलीत, कारण पेंटर शेवटी जागा कमी पडली की अक्षरं दाबतो आणि ते दाबलेलं अक्षर लई वेळा सुंदर असतं. पाटीची गंमत अर्धी त्यातच आहे.

हे सगळं फॉन्टफोर्जमधी केलं, फुकट सॉफ्टवेअर आहे, दिसायला रुक्ष, पण होतंय काम. जोडाक्षरांचे नियम लिहून झाले की ब्राउझरमधी उघडून बघायचं, कारण क्रोम आणि अँड्रॉइडमधी अक्षरं जुळवायचं काम हार्फबझ नावाचं इंजिन करतं, तिथं बरोबर दिसलं म्हणजे निम्मी लढाई जिंकली. उरलेली निम्मी फ्लेक्सच्या दुकानात. तिथं सॉफ्टवेअरचं इतकं जुनं व्हर्जन की युनिकोड मराठी टाकलं की वेलांटी एकीकडं, अक्षर दुसरीकडं. त्यांचं सगळं काम जुन्या कीबोर्डच्या फॉन्टवर चालतं. त्यावर उपाय म्हणजे शब्द दुसरीकडं टाईप करून, आकृतीत बदलून, पीडीएफ किंवा एसव्हीजी करून न्यायचा. आणि आउटलाइन द्यायच्या आधी सगळी अक्षरं वेल्ड करून, म्हणजे जोडून एकच आकृती करून घ्यायची, नाहीतर शिरोरेषेचे तुकडे जिथं एकमेकांवर चढतेत तिथं प्रत्येक जोडावर उभी रेघ दिसते. हे दुकानदाराला सांगा, चार वेळा सांगा.

आता वापराचं. आडत दुकान, चहाचं हॉटेल, रसवंती, जत्रेतल्या कुस्त्यांचं पोस्टर, नाटकाच्या तालमीचा बोर्ड, इथं हा फॉन्ट घरच्यासारखा बसतो. लग्नपत्रिकेत फक्त नवरा-नवरीच्या नावाला वापरा, खालचा 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' वगैरे मजकूर मुक्तासारख्या साध्या फॉन्टमधी ठेवा, नाहीतर मामा-काकांची यादी वाचायला भिंग लागंल. वसमतकडच्या एका ओळखीच्या बचत गटानं हळदीच्या पुडीवर 'हळद' एवढाच शब्द यात घेतला, ळ आणि द शेजारी येऊन जे दिसतंय ना, पुडी लांबून ओळखू येते. वजन, तारीख, पत्ता मात्र साध्यात. हेच बरोबर आहे, एका जागी एकच नटलेला माणूस पाहिजे.

कुठं वापरू नये तेबी सांगतो. एका फ्लेक्सवाल्यानं 'भावपूर्ण श्रद्धांजली' यात लिहिली. जोडाक्षरं 'श्र' आणि 'द्ध' काय झकास दिसत होती, पण खाली गेलेल्या माणसाचा फोटो आणि वर अक्षरं हसायलेत! दवाखान्याची पाटी, सूचना, दर पत्रक, यात नको. आणि गाडीच्या नंबर प्लेटवर तर विचारूच नका. ४१४१ चा 'दादा' करून द्या म्हणून दोन पोरं आली होती, त्यांना म्हणलं बाबांनो, नंबर इंग्रजी अक्षरात-आकड्यातच लागतो असा नियम आहे आणि एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट सक्तीची आहे. ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यावर काय लिहायचं ते लिहा.

लोक कमल शेडग्यांचं नाव काढतेत, की तसं अक्षर येतं का यात. नाही येत, आणि येऊबी नये. शेडगे नाटकाचं नाव त्या नाटकापुरतं घडवायचे, ते अक्षर दुसऱ्या नाटकाला बसणारच नाही. फॉन्ट म्हणजे अनोळखी माणसाच्या हातात दिलेली अक्षरं, तो त्यातनं काय लिहील ते आपल्याला माहीत नसतंय. म्हणून थोडं वागायला सरळ ठेवावं लागतं. आणि मोठ्या अक्षराचा शौक आपल्या भागाला नवा नाही हो, आंबेजोगाईला संतकवी दासोपंतांची पासोडी आहे, ४० फूट लांब, ४ फूट रुंद कापड, सगळं लिहिलेलं, ते सोळाव्या-सतराव्या शतकातले. त्यापुढं आपलं फ्लेक्स काय.

पैशाचं चाचांनी सरळ विचारलं, "याचे पैसे कोण देणार?" बरोबर प्रश्न आहे. ओपन फॉन्ट लायसनवर सोडला तर कुणीबी धंद्यात वापरू शकतो, फक्त नुसता फॉन्ट विकता येत नाही, पण मग चाचांना दर वापरामागं काही मिळत नाही. आम्ही असं ठरवलं की साधा फॉन्ट मोकळा सोडायचा, त्यांचं नाव फाईलमधी घालायचं, आणि शॅडोचा वेगळा फॉन्ट करायचा तो विकत, त्यातला मोठा वाटा त्यांचा. शॅडो वेगळ्या फाईलमधी ठेवली की एकावर एक ठेवून दोन रंग देता येतेत, बोर्डवाल्यांना तेच पाहिजे असतं.

सध्या तेच काम चालू आहे आणि ते वाटलं त्याच्यापेक्षा किचकट निघालं, कारण जोडावर शॅडोबी एकमेकीत मिसळली पाहिजे. चाचा शॅडो कायम डावीकडं खाली टाकतेत. म्हणतेत उजवीकडं टाकली की ती पुढच्या अक्षराच्या अंगावर जाते, डावीकडं टाकली तर कान्याची शॅडो त्याच अक्षराच्या पोटात बसते. उजवीकडं टाकून बघितली, खरंच 'णा' आणि 'गा' बुजून गेले. आता विकत घेणारे विचारतेत उजवी देणार का. नाही देणार. फाईल तयार होईपर्यंत ज्यांना घाई आहे त्यांनी हातानं टाका, पण डावीकडं, आणि सगळ्या अक्षरांना एकीकडंच.